तोच पेला, तेवढाच भरलेला

मित्रांनो, आधी माझ्या बुडाला पडलेलं भोक नीट बघून घ्या, म्हणजे पुढं मी जे सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसेल. मी एक जुना स्टीलचा पेला आहे. पोटाला एक पोचा आहे आणि गळ्याशी तांबड्या रंगाचा पट्टा आहे. तीस वर्षं मी एकाच घरात एकच काम केलं आणि एका दाण्याचाही फरक पडू दिला नाही. तरीही एका सकाळी माझ्यामुळं दोन महिन्यांच्या बाळाची पाठ भाजली. अहो, आजही हे सांगताना माझा पत्रा गार पडतो. चुकलो नाही आणि तरी चुकलो! हे असं कसं होतं, ते मलाच कळत नव्हतं.

सुरुवातीपासून सांगतो. कारखान्यात एका चपट्या चकतीला दाबून मला घडवलं. आम्ही सहा पेले एकाच खोक्यातून या घरात आलो. घरच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली काकू म्हणते, तेव्हा मीही काकूच म्हणतो. त्यांचे यजमान शिंपीकाम करायचे, ते आमचे काका. पहिली दोन-तीन वर्षं मी साधा पाणी प्यायचा पेला होतो. माझ्यात खास असं काही नव्हतं हो! सहा जणांत मी कुठला, हे ओळखायलासुद्धा कोणाला जमलं नसतं.

मग काकूंच्या मनात साबण करून विकायचं आलं. मागच्या गल्लीत साबणवाले आजोबा राहायचे. ते आपला लोखंडी तराजू घेऊन शिकवायला आले. मागच्या खोलीत शेगडी मांडली, साडेचार किलो तेल तापत ठेवलं आणि आजोबांनी कास्टिक सोडा मोजला. बरोबर सहाशे तीस ग्रॅम. तेव्हा तो पातळ चपट्या कपच्यांचा यायचा. मोजलेला सोडा कशात काढायचा म्हणून काकूंनी हाताला लागला तो पेला उचलला, आणि तो मी होतो. मला काठोकाठ भरून वरून लाकडी पट्टी फिरवली, ओतलं, पुन्हा भरलं. आणि काय सांगू तुम्हांला, बरोबर तीन पेल्यांत सगळा सोडा संपला. तळाला चिमूटभरही उरला नाही!

"वा, बरा सापडला हा तुला," आजोबा म्हणाले. "पण पोरी, वजन करायचं सोडू नकोस."

काकू हो म्हणाल्या. आजोबा तराजू काखोटीला मारून घरी गेले. घरात दुसरा तराजू नव्हता, आणि मी तर होतोच. झालं! त्या दिवसापासून साडेचार किलो तेलाला तीन पेले, हे ठरून गेलं. कोणी चुकून माझ्यातून पाणी पिऊ नये म्हणून काकूंनी माझ्या गळ्याशी तांबडा रंग फासला आणि मला मागच्या खोलीतल्या खिळ्याला टांगलं. माझे पाच भाऊ स्वयंपाकघरात राहिले. मला मात्र बढती मिळाली होती, आणि ती माझ्या डोक्यात गेली.

काकूंचं काम बघत राहावं असं असायचं. हातात रबरी मोजे, नाकाला फडकं, डोळ्यांवर काकांचा जुना चष्मा. आधी पाणी, मग त्यात हळूहळू सोडा. कधी उलटं नाही. पाणी आपोआप उकळल्यासारखं तापायचं. ते निवलं की तेलात जायचं, आणि काकू दाट होईपर्यंत घोटत राहायच्या. साच्यात ओतलेल्या एका घाण्याच्या सहासष्ट वड्या पडायच्या, आणि त्या महिनाभर फळीवर सुकायच्या.

आणखी एक रीत होती. सुकलेल्या वडीवर ओलं बोट घासायचं आणि ते जिभेच्या टोकाला लावायचं. साबणाची चव लागली तर ठीक. चटका बसला तर कास्टिक उरलंय, तो घाणा बाद. पहिली काही वर्षं काकू प्रत्येक घाण्याला हे करायच्या. कधी चटका बसला नाही. मग त्या दोन-चार घाण्यांतून एकदा करू लागल्या. मग वर्षातून एकदा. मग "पेला आहे ना, मग जीभ कशाला?" असं म्हणून सोडूनच दिलं. मित्रांनो, खरं सांगतो, ते ऐकून मी खिळ्यावर अर्धा इंच फुगलो असेन.

काका चिडवायचे. "मी कापडाला कात्री लावायच्या आधी दोनदा टेप लावतो. तुझं आपलं भरलं की ओतलं!"

"तुमच्या टेपपेक्षा माझा पेला बरा. तो कधी आटत नाही की ताणला जात नाही," काकू म्हणायच्या.

एकदा काकांनीच मला फरशीवर पाडलं आणि माझ्या पोटाला हा पोचा पडला. बिचारे काका! आतून चमचा लावून लावून त्यांनी तो बाहेर काढायचा प्रयत्न केला, पण पुरता निघाला नाही. काकूंच्या ते लक्षातही आलं नाही. आमचं दोघांचं हे गुपित पुढं काकांच्या जिवाला किती घोर लावणार होतं, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

मग घरात सूनबाई आल्या. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी मागच्या खोलीत डोकावून पाहिलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "आई, तुम्ही पेल्यानं मोजता?"

"तीस वर्षं होतील आता. एक वडी परत आलेली नाही," काकू म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात सूनबाईंनी बॅटरीवर चालणारा एक वजनकाटा आणून सासूबाईंना भेट दिला. काकूंनी कौतुकानं खोकं उघडलं, काटा पाहिला, पुन्हा खोक्यात ठेवला आणि फळीवर चढवून वर फडकं टाकलं. मी मनात म्हटलं, राहा बाबा तिथंच. वर्षभर तो तिथंच राहिला.

आणि मग आला तो दाणेदार सोडा. कास्टिकवाला नेहमीसारखा गोणी घेऊन आला. काकूंनी तोंड सोडून पाहिलं तर आत कपच्या नव्हत्या. मोहरीएवढे गोल पांढरे मणी होते.

"हे काय आणलंस?"

"कपच्यांचं बंद झालं काकू. आता हेच येतं. धूळ उडत नाही, हाताळायला सोपं."

"पण वस्तू तीच ना?"

"अगदी तीच. कागदावर लिहिलंय बघा."

तो खोटं बोलला नव्हता हो! वस्तू तीच होती, शुद्धता तीच होती. काकूंनी जे विचारलं त्याचं खरं उत्तर त्यांना मिळालं. विचारायचं दुसरंच काही होतं, आणि ते त्या खोलीत कोणालाच सुचलं नाही.

त्याच दिवशी काकूंनी घाणा घातला. सूनबाईंना दिवस भरत आले होते, म्हणून तो खास होता. नातवंडासाठी निवडक तेल आणलं होतं. काकूंनी मला भरलं, पट्टी फिरवली. आणि मित्रांनो, इथं मला एक कबुली द्यायची आहे. मला जड वाटलं. चांगलंच जड वाटलं! काकूंनी मला उचललं तेव्हा त्यांचं मनगट कललं. त्या म्हणाल्या, "वय झालं बाई आता, पेलासुद्धा पेलवत नाही." मीही तेच म्हटलं, की वय झालं माझं, पत्रा थकला. दोघांनाही कळलं होतं आणि दोघांनीही वयावर ढकलून दिलं. आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

साबण दोन तासांत दगडासारखा घट्ट झाला. "काय टणक झालाय बघा!" काकू काकांना दाखवत होत्या. वड्या कापताना कडा जरा ठिसूळ निघाल्या, वर पांढरी भुकटी आली, पण त्या आनंदात कोण बघतंय? पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोन घाणे झाले. फळीवर जवळजवळ दोनशे वड्या सुकत बसल्या. मधल्या काळात घरात मुलगी जन्मली. काकूंचा मुलगा कामासाठी दूरच्या शहरात होता, तो येऊन लेकीला बघून गेला. काकूंचे पाय तर जमिनीवर ठरत नव्हते.

बाळ दोन महिन्यांचं झालं त्या सकाळची गोष्ट. दुपारी दुकानदार माल न्यायला येणार होता. काकूंनी पहिल्या घाण्यातली पहिली वडी उचलली. "दुकानात जायच्या आधी माझ्या नातीला," म्हणाल्या आणि न्हाणीघरात गेल्या. पायांवर बाळ पालथं घातलं, पाठीला साबण चोळला.

ती किंकाळी मला मागच्या खोलीत ऐकू आली. भुकेचं रडणं निराळं, झोपेचं निराळं. हे तसलं नव्हतं. सूनबाई धावत आल्या. "आई! काय लावलंत तिला?"

"माझाच साबण गं. नेहमीचाच."

सूनबाईंनी बाळ उचललं आणि नळाखाली धरलं. कितीतरी वेळ नुसतं कोमट पाणी सोडत राहिल्या. इवलीशी पाठ लालबुंद झाली होती. त्यांनी एका हातानं ती वडी उचलली, तिच्यावर ओलं बोट घासलं, जिभेला लावलं आणि झटक्यात थुंकल्या. "अहो, हे कास्टिक आहे! हा साबणच नाही!"

काकू न्हाणीघराच्या पायरीवर बसल्या त्या बसल्याच.

डॉक्टरीणबाईंनी पाठ तपासली, मलम दिलं आणि सांगितलं की पाणी लगेच सोडलं म्हणून थोडक्यात निभावलं, आठवड्यात कातडी पहिल्यासारखी होईल. घरी आल्यावर बाळ झोपलं. सूनबाई त्याला काकूंच्या मांडीवर द्यायला गेल्या, तशा काकू मागं सरकल्या.

"नको. हे कशानं झालं ते कळल्याशिवाय मी तिला हात लावणार नाही. माझ्याच हातांनी पोर भाजली गं!"

मित्रांनो, तीस वर्षांत मी काकूंना असं कधी पाहिलं नव्हतं. नातीला मांडीवर घ्यायला नको म्हणणारी आजी! माझी तर मतीच गुंग झाली.

तिघं मागच्या खोलीत आले. बाळ सूनबाईंच्या खांद्यावर झोपलेलं. काकूंनी मला खिळ्यावरून काढलं आणि सगळीकडून फिरवून पाहिलं. पोचा दिसला. "हा कधी पडला?"

काकांचा चेहरा पडला. "माझ्या हातनं. पाच वर्षं झाली. मी सांगितलं नाही तुला. म्हणजे माझ्यामुळं..." माझ्या डोळ्यांदेखत दोन म्हातारी माणसं एकाच चुकीसाठी आपापल्या मनाला खात होती.

"बाबा, थांबा," सूनबाई म्हणाल्या. "पोचा आत गेलाय. म्हणजे झालाच तर पेल्यात सोडा चिमूटभर कमी मावणार. इथं तर जास्त झालाय. पोच्याचा दोष नाही."

काकांनी इतका मोठा श्वास सोडला की फळीवरचं फडकं हललं. सूनबाईंचं लक्ष त्या फडक्याकडे गेलं. त्यांनी ते ओढलं, खोकं खाली घेतलं आणि काटा टेबलावर मांडला. "आई, जुना सोडा आहे थोडा?"

जुन्या पिंपाच्या तळाशी पेलाभर कपच्या निघाल्या. रिकामा मी काट्यावर बसलो, आकडा शून्यावर आणला. आयुष्यात पहिल्यांदा मी काट्यावर बसत होतो! सूनबाईंनी मला कपच्यांनी भरलं, पट्टी फिरवली. दोनशे दहा. मग मला रिकामं करून गोणीतले मणी भरले. तीच पट्टी, तोच काठ. दोनशे ऐंशी.

माझा तर विश्वासच बसेना. मी तोच होतो, तेवढाच भरलो होतो. मग सत्तर ग्रॅम आले कुठून?

"अगं, पण पेला तर तोच आहे!" काकू म्हणाल्या. अगदी माझ्या मनातलं बोलल्या.

"पेला तोच आहे आई. पण कपच्या आडव्या-तिडव्या पडतात, त्यांच्या मध्ये हवा राहते. मणी एकमेकांना चिकटून बसतात. तुम्ही तीन पेले घातलेत, पण सोडा चार पेल्यांचा गेला."

"चार म्हणून एवढं?"

सूनबाईंनी काकांकडे त्यांचा बटणांचा डबा मागितला. टेबलावर कोटाचं एक मोठं बटण ठेवलं आणि त्याच्याभोवती सदऱ्याची तीन छोटी बटणं मांडली. "हा तेलाचा एक कण. आपल्या डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. याला सोड्याचे तीन कण लागतात. दोन घातले तर थोडं तेल उरतं, त्यानं काही बिघडत नाही. तीन घातले तर साबण." मग त्यांनी चौथं छोटं बटण ठेवलं. "आणि चार घातले, तर या चौथ्याला तेलच मिळत नाही. तो वडीत तसाच बसून राहतो. अंगाला लागला की कातडीतलं तेल धरतो, आणि कातडीलाही सोडत नाही."

काकूंनी ते चौथं बटण उचलून तळहातावर ठेवलं. "हा होय तो," एवढंच म्हणाल्या.

"मी दरवर्षी शाळेत हेच गणित फळ्यावर सोडवते," सूनबाई म्हणाल्या. "किती तेलाला किती सोडा. माझ्याच घरात मी ते करून पाहिलं नाही. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून काटा खोक्यात राहू दिला. चूक माझीपण आहे."

आणि मी? मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं की अहो, मला जड लागलं होतं! मी स्वतःला मोठं माप समजत होतो. पण ते माप मला दिलं होतं आजोबांच्या तराजूनं, त्या पहिल्या दिवशी, त्या कपच्यांपुरतं. मी वजनातून जन्मलो आणि वजनालाच विसरलो. एवढा धक्का मला फरशीवर पडतानाही बसला नव्हता.

सूनबाईंनी झोपलेलं बाळ हळूच काकूंच्या मांडीवर पालथं ठेवलं. "आता कळलं ना कशानं झालं? मग घ्या." काकूंनी दोन्ही हात पाठीला न लागतील असे बाळाच्या पोटाखाली सरकवले. आणि तेव्हा कुठं त्या रडल्या.

दुपारी दुकानदार आला, त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं. सूनबाईंनी कागदावर गणित मांडलं. सहाशे तीस ग्रॅमला साडेचार किलो तेल, तर आठशे चाळीसला सहा किलो. म्हणजे दर घाण्याला दीड किलो तेल कमी पडलं होतं. सगळ्याच्या सगळ्या वड्या किसून, वितळवून त्यांत तेवढं तेल मुरवलं. जिभेला चटका लागेना, तरी काकूंनी बजावलं, "हा फरशीलाच. अंगाला नाही म्हणजे नाही." नातीच्या पाठीनं सगळ्या गिऱ्हाइकांच्या पाठी वाचवल्या, असं काका नंतर कितीदा तरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला ठोकळ्यावर पालथं घातलं. हातात खिळा आणि हातोडी. मला वाटलं, पोचा काढतायत. अहो, त्यांनी खिळा माझ्या बुडाच्या मधोमध ठेवला! ज्या हातांनी तीस वर्षं मला पुसून टांगलं, तेच हात! एक घाव, दुसरा घाव, आणि तिसऱ्या घावाला उजेड आत शिरला.

"अगं, फोडलास कशाला? राहू द्यायचा आठवण म्हणून," काका म्हणाले.

"आठवण म्हणूनच ठेवतेय. पण हाताला सवय आहे हो. उद्या घाईत पुन्हा हाच उचलेन. आता उचलला तरी भरता यायचा नाही."

त्यांनी मला पुन्हा त्याच खिळ्याला टांगलं, काट्याच्या बरोबर वर. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. आज नाही. मित्रांनो, माझ्यासारखी जुनी भांडी तुम्हांला नेहमी सांगतात की आम्हांला जपा, टाकू नका. मी उलटं सांगतो. मला जपलं नसतं, माझ्यावर एवढा जीव टाकला नसता, तर त्या सकाळची किंकाळी कोणाला ऐकावी लागली नसती. तुमच्या घरात, तुमच्या कामात असा एखादा कधीच न चुकणारा पेला असेल तर त्याला खाली काढा, काट्यावर बसवा. त्याला राग आला तर येऊ द्या.

ती पोर आता पाच वर्षांची आहे. पाठीवर खूणसुद्धा नाही. घाण्याच्या दिवशी तिला खोलीत यायला बंदी, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. ती आधी मला मागून घेते. मी वर्षानुवर्षं धुतलेला, आता माझ्यात काही उरलेलं नाही. मला डोळ्याला लावून ती भोकातून एक डोळा मिटून काट्याकडे बघते आणि मोठ्यानं वाचते, "सहा, तीन, शून्य!"

"नीट बघितलंस?" काकू विचारतात.

"हो आजी."

"मग पुन्हा एकदा बघ," काकू म्हणतात, आणि ती पुन्हा वाचेपर्यंत सोड्याला हात लावत नाहीत.